यादी कोनं वाचली?

अकोल्याच्या एका जिनात माझी आई रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायची. दिवाळीच्या तोंडावर जिन सुरू व्हायचं, ऊन तापलं की बंद. तेवढे महिने आमच्या घरात कापसाचं तूस इतकं यायचं की भाकरी थापताना आई परातीतल्या पिठातून ते वेचून काढायची. ती कामावरून यायची तेव्हा तिच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. आम्ही भावंडं हसायचो, म्हणायचो, माय म्हातारी होऊन आली. खोकला मात्र खराच म्हातारीचा होता. बाप हमाल होता. कापसाची गठाण उचलताना पाठ गेली ती परत आलीच नाही, दोन वर्षं भिंतीला टेकून बसला आणि गेला. जिन बंद असायचं तेव्हा आई कापसाच्या बाजारात झाडू मारायची आणि घरात ज्वारीच्या कण्या शिजायच्या. मॅट्रिकच्या परीक्षेला मी आईचं लुगडं नेसून गेले. ते एकच धड होतं. माझा पेपर संपून मी परत येईपर्यंत आई घराचं दार लावून आत बसून राहायची.

हे मी कोणाला दया यावी म्हणून लिहीत नाही. दया आम्ही पुष्कळ पाहिली. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आमच्या ओळीतलीही पहिली, आणि त्याचा मला ताठा आहे. हे सांगायचं कारण वेगळं आहे. पुढे एका विद्वान गृहस्थांनी याच आईच्या बोलण्यापुढे लाल पेन्सिलीने ‘ग्राम्य’ असा शेरा मारला. आणि एका माणसाने तो शेरा शेवटपर्यंत मानला नाही. त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

त्यांचं नाव इंगोले. अमरावतीच्या ज्या कॉलेजच्या कचेरीत मी टंकलेखिका म्हणून लागले, तिथे ते राज्यशास्त्र शिकवायचे. साल एकसष्ट. उंची बेताची, कोटाचं एक बटण कायम तुटलेलं, आणि हातात वेळूची टोपली. चामड्याची बॅग नाही, टोपली. सर मूळचे अंजनगाव सुर्जीचे, वडिलांचा पानमळा. पानं ज्या टोपलीत भरून बाजारात जायची, तसल्याच टोपलीत सर आपल्या प्रबंधाचे कागद ठेवायचे, वरून पानांवर असतं तसंच दुमडलेलं फडकं, फक्त ओलसर नव्हे. स्टाफरूममध्ये त्यांना पाहून कोणीतरी हमखास म्हणायचं, “आला पानवाला.” सर स्वतः पान खात नसत. विचारलं तर म्हणायचे, “हलवाई मिठाई खाते का?”

पानमळ्यातली एक सवय मात्र सुटली नव्हती. टोपलीतली पानं रोज उलथावी लागतात, एक नासकं राहिलं की शेजारची दहा नासतात. सर रोज दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात बसून सगळे कागद एकेक करून उलथायचे. एखादा वाचायचे, नाक मुरडायचे आणि बाजूला काढायचे. “हे मी ऐकलेलं नाई, मी समजून घेतलेलं हाय,” म्हणायचे. “समजून घेतलेलं लवकर सडते.”

त्यांचा विषय काय, हे त्यांना सगळे विचारायचे, आणि उत्तर ऐकून सगळ्यांचा चेहरा आंबट व्हायचा. विषय होता, एक मुलूख दुसऱ्या राज्याला जोडला जातो म्हणजे नेमकं काय होतं. मुलूख आपला वऱ्हाड. सर म्हणायचे, “माहा बाप जनमभर एकाच खाटेवर झोपला अन् पाच राज्यात उठला.” आणि बोटं मोजून दाखवायचे. निजामाचा म्हणवणारा पण इंग्रजाच्या हातातला वऱ्हाड, मग मध्यप्रांत आणि वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, छप्पन साली मोठं मुंबई राज्य, आणि साठ साली महाराष्ट्र. “खाट तीच,” म्हणायचे. “मंग बदललं काय, हे पाहाव लागन का नाई?”

ते पाहायला सर कुठेही जायचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर जाऊन कापसाच्या गाठी आता कोणत्या दिशेला जातात ते विचारायचे. वकिलांकडे जाऊन अपील कुठे करावं लागतं आणि त्यासाठी पक्षकार किती वाऱ्या करतो ते लिहून आणायचे. जात्यावरच्या ओव्यांत मुंबईचं नाव कधीपासून येतं तेही त्यांच्या कागदांत होतं. तिवशाच्या प्राथमिक शाळेत त्यांना भिंतीवरच्या एका खिळ्याला तीन नकाशे एकावर एक टांगलेले सापडले. वरचा महाराष्ट्राचा, त्याखाली मुंबई राज्याचा, त्याखाली मध्यप्रदेशाचा. जुने का काढले नाहीत म्हणून विचारलं, तर तिथले गुरुजी म्हणाले, “काढून काय करता, सर? उद्या कोनता लागन काय मालूम.” सर ही गोष्ट सांगायचे आणि हसायचे नाहीत. हसणाऱ्याकडे मात्र रागाने पाहायचे.

कॉलेजातल्या शहाण्यांचा राग त्यांच्यावर होता तो याचाच. इतिहासाचे प्राध्यापक म्हणायचे, “इंगोले, पाच वर्षांपूर्वीचं म्हणजे इतिहास नव्हे, बातम्या.” सर म्हणायचे, “भिंत ओली हाय तवरच तिच्यावर बोटं उमटतात. वाळल्यावर तुमी या, चुना माराले.” अर्थशास्त्रवाल्यांना त्यांच्यात कोष्टकं कमी वाटायची, राज्यशास्त्रवाल्यांना ओव्या जास्त. एक माणूस चार दारं ठोठावतो आणि चारही घरचे म्हणतात हा आमचा पाहुणा नाही, तसं झालं होतं. आणि हा प्रबंध मराठीत लिहू द्या, एवढ्या एका अर्जासाठी विद्यापीठाने त्यांना दीड वर्ष झुलवलं होतं. ज्या राज्याची उभारणीच भाषेवर झाली, त्या राज्यात.

दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचंही त्यांच्याशी जमलं नाही. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनी एकदा त्यांना आपला माणूस समजून सभेत बोलावलं. सरांनी टोपली उघडली आणि चांदूरकडच्या एका कास्तकाराचं म्हणणं वाचलं, की नव्या राज्यात आमच्या पोराले नोकरी लागली, मले बरं वाटते. सभा थंड. दुसऱ्या महिन्यात एकत्र महाराष्ट्रवाल्यांनी बोलावलं, तर तिथे त्यांनी तिवशाच्या गुरुजींचं ऐकवलं. तिथून तर त्यांना जवळजवळ हात धरूनच खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “सर, तुम्ही नेमके कोणाकडून?”

“बाई, मी कोनाकडूनच नाई,” ते म्हणाले. “मी इचारून राहिलो.”

त्यांचे प्रश्न सगळ्यांना तेच तीन असायचे. राज्य बदललं ते तुमाले कोनं सांगतलं? काय म्हनून सांगतलं? तुमी काय म्हनलं? उत्तर जसं येईल तसं लिहायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. अशी माणसं त्यांनी पुष्कळ गाठली होती, पण बायका कमी होत्या आणि जिनातली बाई एकही नव्हती. एक दिवस कचेरीत येऊन म्हणाले, “बाई, तुमच्या अकोल्याले कोनी हाय का जिनात?”

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. कॉलेजात मी जिभेवरून ‘मले’ आणि ‘तुले’ घासूनपुसून काढलं होतं. कोणी पुण्याचा पाहुणा आला तर प्राचार्य त्याला मुद्दाम माझ्याकडे पाठवायचे, बघा आमची टंकलेखिका किती स्वच्छ बोलते म्हणून. त्या घराच्या दारात मी या माणसाला कसं नेऊ? पण शेवटी नेलं.

आईने त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि टोपलीकडे बघून विचारलं, “पानं इकता का, भाऊ?”

“कागद इकतो,” सर म्हणाले. “पन कोनी घेत नाई.”

“मंग धंदा बदला.”

सर हसले. मग त्यांनी आपला पहिला प्रश्न विचारला. आई म्हणाली, “राज्य बदललं म्हन्तात. आमच्या जिनच्या भोंग्याले कोनी सांगतलं नाई वाट्टे. तो आंधी वाजे तवाच आताबी वाजते.”

“तुमाले कोनी सांगतलं नाई?”

“मले कोन सांगन? मी कोन?” आणि मग तिने पदर सावरला. “पन भाऊ, त्याच सालची गोठ सांगतो. दसऱ्याले आमी नागपूरले गेलो होतो, दीक्षा घ्याले. हे पोरगी कडेवर नव्हती, चांगली मोठी होती, इचारा तिले. तठी लाखानं मानसं. पन एकेक गोठ वाचून दाखवली आमाले. हे सोडाचं, ते धराचं. आमी त्याईच्या मांगून म्हनलं. तोंडानं म्हनलं, भाऊ, अंगठा नाई मारला. अन् तठून वापस आलो, पंधरा-अठरा दिस झाले नसतीन, त जिनात मुकादम म्हन्ते, आजपासून आपन मुंबईत. मी म्हनलं, मुंबई आली का आपन गेलो?”

सर लिहीत होते, मान वर न करता. आई आता थांबेना.

“सोयरिक होते तवा यादी करतात का नाई? पंच बसतात. कोन काय देईन, कोन काय घेईन, सारं लिवतात अन् साऱ्याईसमोर वाचतात. दोन्हीकडचे हो म्हन्तात, मंगच सुपारी फुटते. अशी इतकी मोठी सोयरिक झाली, दोन मुलखाची. मंग यादी कोनं वाचली? मी त नाई ऐकली. तुमी ऐकली का?”

“नाई,” सर म्हणाले.

“शिकलेल्या मानसानं नाई ऐकली, त माह्यासारखीनं काय ऐकाव?”

तुम्ही या सोयरिकीच्या विरोधात आहात का, असं सरांनी विचारलं. आई तडकली. “इरोध काहून करू? माही भाषा बोलनारे लोक हायेत. पन पोरीले न इचारता उजवली तरी ते नांदतेच, म्हनून काय इचाराचं नाई?”

परतीच्या एस.टी.त सर मूर्तिजापूरपर्यंत तेच कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. नंतर म्हणाले, “मी सा वर्सं झाली हे शोधून राहिलो. तुमच्या मायनं चुलीपाशी बसून सांगून टाकलं.” तीन आठवड्यांच्या आत एकाच बाईचं दोनदा जोडणं झालं. एकदा तिला वाचून दाखवलं आणि तिने तोंडाने हो म्हटलं. एकदा तिला कोणी विचारलंच नाही. सरांच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण यातून उभं राहिलं आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं, ‘यादी कोनं वाचली?’

प्रबंध टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. शेवटी परिशिष्ट होतं, सगळ्या माणसांची म्हणणी, नाव न देता, फक्त क्रमांक, गाव आणि काम. मी चार दिवसांत ते संपवलं आणि मोठ्या अभिमानाने सरांच्या हातात दिलं. त्यांनी व्हरांड्यात बसून चाळलं. मग मला हाक मारली.

“बाई, हे कोन बोललं?”

मी पाहिलं. अकोला, जिनमधील स्त्री कामगार. खाली मी टाइप केलं होतं, ‘मला कोण सांगणार? मी कोण?’

“माझी आई,” मी म्हटलं.

“तुमची माय असं बोलते?”

मी मुद्दाम केलं नव्हतं. बोटांनीच केलं. कागदावर ‘मले’ दिसलं की बोटं ‘मला’ मारत होती, ‘कोनं’ला ‘कोणी’ करत होती. सगळं परिशिष्ट मी असंच शुद्ध करून ठेवलं होतं, आणि त्यात माझ्या आईला पण. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “इनं जे म्हनलं ते कोनी ऐकलं नाई म्हनून आपन लिवून राहिलो. आता तुमीबी नाई ऐकलं.” मी सगळं परिशिष्ट पुन्हा टाइप केलं. ‘मले’ मारायला माझं बोट अडायचं, सांगायला लाज नाही वाटत. तिसऱ्या दिवशी अडायचं थांबलं.

प्रबंध गेला. इतिहासाच्या अभ्यासमंडळाने तो राज्यशास्त्राकडे पाठवला, राज्यशास्त्राने अर्थशास्त्राचं मत मागवलं, आणि असा फिरत फिरत दीड वर्षांनी तो ज्या परीक्षकांकडे पोचला ते बाहेरचे, मोठं नाव असलेले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना नावाची गरज नाही, पुष्कळ आहे. दुसऱ्या कशासाठी तरी ते अमरावतीला आले होते, म्हणून तोंडी परीक्षाही प्राचार्यांच्या खोलीतच उरकायचं ठरलं. उरकायचं, हा त्यांचाच शब्द. आणि मला टाइपरायटर घेऊन कोपऱ्यात बसायला सांगितलं, कारण सुधारणा जागच्या जागी करून टाकू म्हणाले.

त्यांनी प्रबंध टेबलावर ठेवला. लाल पेन्सिलीचे शेरे मला कोपऱ्यातून दिसत होते. “इंगोले, तुमचा अभ्यास आहे,” ते म्हणाले. “रेल्वेचे, कोर्टाचे भाग उत्तम आहेत. माझ्या दोनच सूचना. चौथ्या प्रकरणातला हा दीक्षेचा भाग काढा, तो धार्मिक विषय आहे, राज्यांच्या एकीकरणाशी त्याचा संबंध नाही. आणि परिशिष्टाची भाषा शुद्ध करा. शीर्षकही. ‘कोनं’ हे काय आहे? हे ग्राम्य आहे. हा प्रबंध परदेशात कोणी वाचला तर आपल्याबद्दल काय म्हणेल?”

“परदेशातला मानूस मराठी वाचत असन तर त्याले हेबी कळन,” सर म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसासमोर ते वऱ्हाडीत बोलले. मला वाटतं ते ठरवून.

परीक्षकांनी स्मित केलं. “मुद्दा तोच राहतो हो. शब्दच बदलायचे.”

“सर, मुद्दाच शब्दाचा हाय. वऱ्हाड महाराष्ट्रात आला, पन वऱ्हाडाचं बोलनं यायचं असन तर कपडे बदलून या, म्हनता तुमी. माह्या प्रबंधात मी हेच लिवलं. तुमी ते खरं करून दाखवून राहिले.”

प्राचार्य मध्ये पडले. “इंगोले, हट्ट नको. विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे. डॉक्टरेट लागेल. दोन तासांचं काम आहे, आपल्या बाई करून देतील.” आणि परीक्षक माझ्याकडे वळले. “तुम्ही पदवीधर ना? तुमची मराठी किती छान आहे. तुम्हाला तरी हे मले-तुले पटतं का?”

टेबलावरच्या उघड्या पानावर माझी आई होती आणि तिच्याशेजारी लाल अक्षरात ‘ग्राम्य’, आणि मी यंत्रावर हात ठेवून नुसती बसले. सरांनीच माझ्यासाठी उत्तर दिलं. “त्याईले कशाले इचारता? प्रबंध माहा हाय.” त्यांनी कागद गोळा केले, टोपलीत भरले, फडकं दुमडलं आणि बाहेर गेले.

शेरा लागला, ‘सुधारणा करून पुन्हा सादर करावा.’ विभागप्रमुखाची जागा सरांहून सात वर्षांनी लहान माणसाला मिळाली. सरांना सकाळचे आणि संध्याकाळचे असे तुटक वर्ग दिले, स्टाफरूममधलं कपाट काढून घेतलं. कोणी भेटलं की सल्ला द्यायचं, अहो, चार शब्दांसाठी का? ज्यांना आपली वाक्यं कधी कोणी दुरुस्त केली नाहीत त्यांनाच ते चार शब्द वाटतात. आजही वाटतात. या एका प्रबंधाने जे धडधडीत विचारलं ते विचारायची हिंमत त्या मंडळांतल्या एकाही पदवीधारकाला झाली नव्हती, आणि ज्याला झाली त्याला शुद्धलेखन शिकवायला बसले होते. सरांनी दोनदा प्रबंध पुन्हा सादर केला. दोन्ही वेळा आत एकच कागद जास्तीचा होता, की परिशिष्टात बदल का केला नाही. तो कागद मी टाइप केला. त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे.

पासष्ट साली मला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. निघाले त्या दिवशी सर मला पोचवायला अमरावतीच्या स्टँडवर आले होते. कोट तोच, टोपली हातात. दुसरा निकालही तेव्हा परत आलेला होता. मी म्हटलं, “सर, आता तरी सोडा.” ते म्हणाले, “बाई, थे टोपलीतले मानसं सोडत नाईत ना.” म्हणजे काय ते मी विचारणार होते, पण शेजारी एक ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता, नागपूरच्या गाडीचा. सर त्याच्याकडे वळले. गाड्यांवरचं जुन्या राज्याचं नाव खोडून नवं घातलं तेव्हा तुमाले कोनं सांगतलं, ब्रश कोनं देल्ला, असं काहीतरी विचारत होते. ड्रायव्हर हातवारे करून सांगत होता. माझी गाडी सुटली, मी खिडकीतून हात हलवला. सरांनी पाहिलं नाही. ते खिशातून कागद काढत होते.

पुन्हा मी त्यांना पाहिलं नाही.

सदुसष्ट साली विद्यापीठात मंडळं बदलली आणि तिसऱ्यांदा सादर केलेला प्रबंध मंजूर झाला. दीक्षेचा भाग चौथ्या प्रकरणात आहे. परिशिष्टातला एकही शब्द बदललेला नाही. सर विभागप्रमुख झाले नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची प्रत आहे, मी स्वतः जाऊन पाहिली आहे.